गुरांनी चाटलेलं चित्र

आमच्या बाईंनी आयुष्यात कुणालाही 'छान' म्हटलं नाही. पोरांनी कितीही जीव ओतून काम करावं, बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, मान तिरकी करून बघायच्या आणि म्हणायच्या, "चालंल." त्या एका 'चालंल'साठी आम्ही उन्हातान्हात राबायचो. आणि एखाद्या दिवशी त्या नुसतं "हं" म्हणाल्या, तर संध्याकाळची भाकरी घशाखाली उतरायची नाही.

त्या आमच्या वस्तीत राहायला का आल्या, हे गावाला कधी कळलं नाही. बाई मूळच्या परंड्याकडच्या. शाळाशाळांतून चित्रकला शिकवत त्यांनी सगळा जिल्हा पालथा घातला होता, आता पेन्शन सुरू होती. अशा बाईनं धाराशिवला दोन खोल्या घेऊन आरामात राहावं. पण त्यांनी नळदुर्ग आणि जळकोटच्या मधल्या आमच्या गावात, तेही गावात नव्हे, हायवेकडेच्या आमच्या वस्तीत शेवटची पत्र्याची खोली भाड्यानं घेतली. सरपंचांनी एकदा विचारलं, "बाई, गावात चांगली घरं असताना तिकडं कशाला?" बाई म्हणाल्या, "तिथं उजेड बरा हाय." सरपंच नंतर बरेच दिवस वस्तीकडं डोळे बारीक करून बघत होते म्हणे. उजेड त्यांना काही दिसला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा आम्हालाही दिसत नव्हता.

आमच्या वस्तीत कुणालाच शेत नाही. बाया दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायच्या, बाप्ये मिळेल त्या कामाला, आणि पोरं हायवेच्या धाब्यांवर ताटं विसळायला. मी दहावीनंतर शाळा सोडून आईबरोबर खुरपं धरलं होतं. शेजारचा आसिफ पंक्चरच्या दुकानात होता. काम संपलं की आम्ही सगळी पोरं पुलाच्या कठड्यावर बसून ट्रक बघायचो. ट्रक हैदराबादला जायचे, सोलापूरला जायचे, आम्ही तिथंच.

बाईंच्या हातात कायम एक जुनी छत्री आणि पिशवीत एक स्टीलचा चमचा असायचा. छत्री ऊन असो, पाऊस असो, त्या कधी उघडायच्या नाहीत. तिच्या टोकानं रस्त्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या टोचून उचलायच्या. चमचा होता मातीसाठी. चालता चालता बाई मध्येच खाली बसायच्या, चमच्यानं माती खरवडायच्या, तळहातावर घेऊन फुंकर मारायच्या आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवायच्या. एकदा त्यांनी आमच्या उंबऱ्यापुढची माती अशी उचलली आणि ते नेमकं आईनं बघितलं. झालं! 'नवी बाई करणी करतीया' असं आईनं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं हापशावर सांगितलं, आणि दिवस मावळायच्या आत निम्म्या वस्तीच्या दारांवर लिंबू-मिरच्या लटकल्या. सकाळी बाई दारोदार ती लिंबं निरखत हिंडल्या. आमच्या दारात थांबून आईला म्हणाल्या, "ह्यो पिवळा बघितला का? मुरमाचा पिवळा येगळा आन् ह्यो येगळा. मिरच्या काढा हव्या तर, पण लिंबू ऱ्हाऊ द्या."

त्या गेल्यावर आई म्हणाली, "ही न्हाय करणी करणारी. हिच्यावरच कुणीतरी केलीया."

त्यांच्या खोलीत लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि सगळ्यांत माती. काळी, तांबडी, मुरमाची पिवळी, जुन्या गावठाणातली पांढरी. पाहुण्यांनी येताना पेढे आणायचे नाहीत, आपल्या रानातली माती आणायची, असा नियम होता. त्यांचा भाचा परंड्याहून पिशवीभर माती घेऊन यायचा. एकदा एसटीच्या कंडक्टरनं पिशवीत काय आहे विचारलं. माती आहे, असं सांगितल्यावर त्यानं पिशवी उघडायला लावून आतपर्यंत हात घातला होता. विकतच्या रंगाला बाई हातसुद्धा लावायच्या नाहीत. म्हणायच्या, "डब्यातला रंग म्हंजी दुसऱ्यानं बघितलेला रंग. तुमी काय बघितलं ते सांगा."

आमच्यातला पहिला मासा आसिफच गळाला लागला. बाई दुकानावरून चालल्या होत्या आणि हा ट्यूबवर पंक्चरभोवती खडूनं गोल काढत होता.

"हे वर्तुळ नुसत्या हातानं काढलंस?" बाईंनी विचारलं.

"खूण केली बाई, पंचर कुठं हाय त्याची."

"कलाकार, उद्या माझ्याकडं ये."

आसिफ रात्री कठड्यावर येऊन सगळ्यांना सांगत सुटला, "मेरेकू कलाकार बोली बाई!" तो कलाकार, मग आम्ही काय कमी, म्हणून दुसऱ्या दिवशी मी गेले. माझ्या मागून आणखी पोरंपोरी आली. बाईंनी दारातच बजावलं, "च्या मिळंल. कौतुक मिळणार न्हाय." आणि आम्हाला घेऊन तडक ओढ्यात गेल्या.

हा ओढा वस्तीच्या मागून वाहतो आणि पुढं बोरी नदीकडं जातो. वाहतो म्हणजे पावसाळ्यात. बाकीचं वर्ष त्यात धाब्यांची आणि गावाची घाण साचलेली असायची. बाई म्हणाल्या, "बसा हितं आन् दिसतंय ते काढा." आम्ही शाळेत शिकलो होतो तसं काढलं. दोन डोंगर, मधून सूर्य, निळं पाणी, पाण्यात कमळ. बाईंनी सगळे कागद बघितले. "हं," म्हणाल्या. मग छत्रीचं टोक ओढ्याकडं करून मला म्हणाल्या, "कमळ कुठं हाय, दाखव."

मग आम्ही खरं काढलं. पिशव्या, बाटल्या, थर्माकोलच्या पत्रावळ्या, मेलेलं कुत्रं. "चालंल," बाई म्हणाल्या, "आता घरी जाऊन इचारा, हितं आधी काय व्हतं."

मी आईला विचारलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "खेकडं असायचे. म्या नवी नवरी व्हते तवा खेकडं धरायला जायची. मासळी असायची. बाभळीला सुगरणीचे खोपे असायचे, लई." आमच्या त्या गटारात खेकडे, हे ऐकून मला हसू फुटलं. आई मात्र हसली नाही. तिचा थापता हात तसाच थांबला होता. आपल्या आईजवळ आपण कधी न पाहिलेली एक नदी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्याच वर्षी उन्हाळ्यात गावात बातमी फुटली. गावाच्या कचऱ्याला जागा हवी होती आणि पंचायतीनं ओढ्याकाठची गायरानाची पट्टी हेरली होती. आमचा हापसा त्याच पट्टीच्या तोंडाशी. सगळ्या वस्तीचं पिण्याचं पाणी त्या एका हापशाचं. बाई पंचायतीत गेल्या तेव्हा सरपंच म्हणाले, "बाई, न्हाईतरी कचरा तिथंच पडतोय. आमी फक्त ठराव करतोय." माळावर बंद पडलेल्या खडी क्रशरचा खड्डा होता, तिथं न्या, असं बाई म्हणाल्या, तर तो लांब पडतो म्हणाले. एक मेच्या ग्रामसभेत हात वर करून काय ते ठरणार होतं. बाई उठता उठता म्हणाल्या, "मग ग्रामसभा ओढ्यात भरवा. ज्या जागेचं ठरवायचं ती जागा बघा तरी." सरपंच माणूस वाईट नव्हता. हसून म्हणाला, "या बोलवायला. बघू."

बाईंच्या त्या 'बघा तरी'वर आम्ही कामाला लागलो. ओढा उपसला. त्यातून जे निघालं ते बघून कुणालाही भोवळ आली असती. मी म्हटलं, पेटवून देऊ. बाई म्हणाल्या, "पेटवायचं न्हाय. धुवायचं आन् वाळत घालायचं."

उन्हाळ्यात आमच्याकडं घरोघरी कुरडया-पापडाचं वाळवण असतं. आम्ही हायवेच्या कडेला कडुलिंबाच्या झाडांना दोऱ्या बांधून ओढ्याचं वाळवण घातलं. पिशव्या एकीकडं, बाटल्या एकीकडं, प्रत्येक धाब्याचे पार्सलचे डबे त्या त्या धाब्यासमोर. धुऊन, स्वच्छ, वाऱ्यावर हलत. ट्रकवाले थांबून फोटो काढायला लागले. मोठ्या धाब्याचे मालक तांबडेलाल होऊन आले.

"बाई, माझ्या धंद्याची अब्रू वाळत घातली तुमी!"

"धुऊन घातलीय," बाई म्हणाल्या.

मालक दोरीवरचा एकेक डबा वाचत गेले. आपल्याच धाब्याचं नाव इतक्या वेळा ओळीनं लिहिलेलं त्यांनी कधी बघितलं नसावं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात दोन मोठी पिंपं आली, ओल्याला एक आणि सुक्याला एक. ते बघून बाकीच्या धाब्यांनाही ठेवावी लागली. आसिफ एवढा खूश झाला की पिंपांवर त्यानं फुकटात खडूनं वेलबुट्टी काढून दिली.

मग भिंत. हायवे रुंद केला तेव्हा ओढ्याच्या कडेला लांबलचक भिंत बांधली होती, कोरी करकरीत. बाईंनी ती आधीपासून हेरून ठेवली होती. खरं तर उजेड बरा म्हणजे हीच भिंत, असा मला दाट संशय आहे. त्या भिंतीवर ओढ्याची आठवण काढायची ठरली. आईचे खेकडे, आसिफच्या नानीनं सांगितलेली मासळी, सुगरणीचे खोपे, पाण्यावर आलेली गुरं. माती बाईंच्या बरण्यांतली, चुना आणि चुलीतला कोळसा. रंग भिंतीला धरावा म्हणून त्यात बाभळीचा डिंक. डिंक आम्हीच गोळा करायचा होता. काट्यांनी हात फाटायचे आणि दिवसभरात वाटीभर निघायचा.

ग्रामसभा तोंडावर आली तरी निम्मी भिंत कोरीच. त्यात बाई सरपंचांना ओढ्यात सभेला यायचं बोलावणं करून भाच्याकडच्या कार्याला परंड्याला गेल्या. जाताना म्हणाल्या, "डिंकात कसूर नको." आम्ही मान हलवली आणि बाईंची गाडी वळणाआड जाताच डोकं चालवलं. पतंगाला, पताकांना आपण पिठाची खळ लावतोच की! आयांच्या डब्यांतलं ज्वारीचं पीठ आणून मोठ्या पातेल्यात खळ शिजवली. चिकटपणा वाढावा म्हणून आसिफनं गूळ घातला. खळीला कीड लागू नये म्हणून आई चिमूटभर मीठ घालते, ते मला आठवलं. एवढ्या मोठ्या पातेल्याला चिमूट कुठं पुरणार, म्हणून मी ओंजळीनं घातलं. त्यात माती कालवली आणि जुना रंगही फिका वाटत होता म्हणून सगळी भिंत वरपासून खालपर्यंत नव्यानं रंगवली. काय उठून दिसत होती! तीस एप्रिलच्या दुपारी आम्ही एकमेकांकडं बघून स्वतःच 'छान छान' म्हणून घेतलं. बाई नव्हत्याच.

सकाळी बाई पहिल्या गाडीनं उतरल्या आणि आम्ही त्यांना मिरवत भिंतीपाशी घेऊन गेलो. भिंतीपाशी गुरं होती. गावची निम्मी गुरं. उन्हाळ्यात चारा नाही, ओढ्याला पाणी नाही, आणि इथं गुळामिठातलं ज्वारीचं पीठ भिंतभर लावून ठेवलेलं. रात्रीपासून चाटत होती बिचारी. म्हशीची मान पोचते तिथपर्यंत सगळी भिंत, आतल्या डिंकाच्या रंगासकट, लख्ख धुऊन निघाली होती. वर सुगरणीचे खोपे तेवढे शाबूत. खाली खेकड्याची एक नांगी, माशाचं एक डोकं आणि पाय नसलेली गाय.

मला रडू कोसळलं. आसिफ मटकन खाली बसला, "गया. सब गया, बाई." बाई चष्मा वर करून चाटलेली भिंत इकडून तिकडं बघत राहिल्या. आणि तेवढ्यात झेंडावंदन आटोपून सरपंचांच्या मागं सगळं गाव पुलावरून खाली उतरताना दिसलं.

सगळ्यांत पुढं बप्पा होते. बप्पा म्हणजे गावातले मोठे बागायतदार, वयानं सगळ्यांत वडील, त्यांनी हात वर केला की निम्म्या गावाचा हात वर जायचा. त्यांची म्हैस घरी आली नव्हती म्हणून ते आधीच कावलेले. ती भिंतीला तोंड लावून उभी दिसली आणि ते ओरडलेच.

"आरं, हे काय ईख लावलंय भिंतीला! माझ्या म्हशीला काय झालं तर एकालाबी सोडणार न्हाय!"

सरपंच भिंतीकडं बघून म्हणाले, "बाई, आता चित्रबी ऱ्हायलं न्हाय. कशाला लांबवता? ठराव घेऊन टाकू."

हापशाला लागलेली बायांची रांग मला तिथून दिसत होती, त्यात आईही होती. बाई शांतपणे पुढं झाल्या. म्हशीला कोपरानं बाजूला सारलं. आणि सगळ्या गावादेखत, पासष्टीच्या पुढच्या आमच्या बाईंनी भिंतीला जीभ लावली.

बाईंनी चव घेतली, मान तिरकी केली आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मीठ जरा जास्त पडलंय."

एक पोरगं फिस्सकन हसलं, मग सगळं गाव हसलं. बाई बप्पांना म्हणाल्या, "ज्वारीचं पीठ, गूळ, मीठ आन् आपलीच माती. चाखून बघता?"

बप्पा हसले नव्हते. त्यांनी बोट भिंतीला लावलं, जिभेवर ठेवलं. मग ते ओढ्याकडं वळले. गेल्या दिवाळीत त्यांची गाय गेली होती. डॉक्टरांनी पोट फाडल्यावर आतून पिशव्यांचा गोळाच्या गोळा निघाला, तो बघून हा आडदांड माणूस लेकरासारखा रडला होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. ओढ्यात आता एकही पिशवी नव्हती. स्वच्छ वाळू होती आणि वाळूत गुरांची पावलं.

"माझी गाय ह्याच वढ्यात कॅरीबॅगा खाऊन मेली," बप्पा म्हणाले. "आन् आज माझी म्हस ह्याच वढ्यात पीठ चाटतीया." मग सरपंचांकडं बघून म्हणाले, "हितं कचरा टाकायचा आसंल तर माझा हात वर व्हणार न्हाय. क्रशरच्या खड्ड्याला लांब पडतं म्हणतोस? माझा ट्रॅक्टर घेऊन जा."

सरपंचांनी तिथंच, वाळूत उभं राहून विचारलं. कचरा क्रशरच्या खड्ड्याकडं न्यायचा आणि ही पट्टी वस्तीच्या पोरांनी झाडं लावून राखायची, कुणाकुणाला मंजूर? हात वर गेले. किती ते मी मोजले नाहीत, मला डोळ्यांतल्या पाण्यानं काही दिसतच नव्हतं. हापशावरच्या बाया कळश्या टाकून पळत आल्या आणि त्यांनीही हात वर केले. आईचा हात सगळ्यांत उंच होता. आसिफनं तर दोन्ही हात वर केले, त्यातला एक बाईंनी छत्रीनं खाली केला.

आज मी भिंती रंगवूनच पोट भरते. शाळा, अंगणवाड्या, पंचायती बोलावतात. नळदुर्गात माझी दोन पोरींची टोळी आहे. डिंकाला कंटाळणारीला मी ही गोष्ट सांगते. बाई पुढं दुसऱ्या गावी राहायला गेल्या, तिकडच्या भिंती बऱ्या आहेत म्हणाल्या. पण त्या जायच्या आधी आम्ही एक पोळा बघितला, तो सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही.

पोळ्याला गावचे बैल सजतात, वेशीपाशी जमतात, मारुतीला जातात आणि आपापल्या घरी परततात. वस्तीत कुणाकडं बैल नाही. आई दरवर्षी मातीचे बैल करून पाटावर पुजायची, पुरणपोळीचा घास त्यांच्या तोंडाला लावायची आणि मग आम्हीच तो खायचो. त्या वर्षी पोळ्याआधी बाई म्हणाल्या, "भिंत पुन्हा काढायची. म्हशीची मान पोचते तिथवर पिठाचं, ते जनावरांचं. त्याच्या वर डिंकाचं, ते माणसांचं. आन् मीठ म्या घालणार."

पोळ्याच्या दिवशी आम्ही भिंतीपाशी उभे होतो. ओढ्याला पाणी होतं, पट्टीवर आम्ही लावलेली रोपं गुडघ्याएवढी झाली होती. वेशीकडं हलग्यांचा आवाज चालला होता, तो दूर जायच्याऐवजी जवळ यायला लागला. पुलावरून मानाचा बैल खाली उतरला, झूल, गोंडे, रंगवलेली शिंगं, मागं गावचे सगळे बैल. आजवर मानाचा बैल वस्तीत कधी आला नव्हता.

"काय करू, बैलच ऐकंना," बप्पा म्हणाले. कासरा त्यांच्याच हातात होता, हे सगळ्यांना दिसत होतं.

आई आरतीचं ताट घेऊन पुढं झाली. तिनं बैलाच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी त्याच्या तोंडाशी धरली. बैलानं ती खरोखरच खाल्ली. आईनं रिकाम्या तळहाताकडं बघितलं आणि ती रडता रडता हसायला लागली. बप्पांनी टोपी काढून तिला हात जोडले. मला वाटलं, आता ओरडावं, नाचावं. आसिफ तर हलगीपुढं नाचतच होता.

बाई न उघडलेली छत्री काखेत मारून भिंतीकडं बघत होत्या. मला राहवेना. आज तरी म्हणतील, असं वाटून मी विचारलं, "बाई, कसं झालंय?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. मान तिरकी केली. मानाच्या बैलाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "मला काय इचारतीस? त्याला इचार."

बैलानं एक मासा शेपटीपर्यंत संपवला होता. त्यानं मान झटकली, घुंगरं वाजली, आणि तो शेजारचा खेकडा चाटायला लागला.